जुन्या टेक फाइलींचे पीडीएफ: दोष कुठे शिरतो आणि टर्मिनलवरून तो कसा काढावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सन २००० च्या आसपास लाटेकमध्ये (पाने जुळवणाऱ्या टेक या कार्यक्रमावर उभारलेल्या प्रणालीत) जुळवलेली गणिताची मराठी-इंग्रजी टिपणे आपल्याकडे आहेत. त्यांपैकी काहींचा मूळ मजकूर शिल्लक आहे, काहींची फक्त डीव्हीआय फाइल (टेकने जुळवलेल्या पानांची नोंद) आहे, तर काहींची फक्त पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्रासाठी केलेले पानांचे वर्णन). लिनक्सच्या टर्मिनलवर आपण त्यांचे पीडीएफ करून पाहिले. ते होते, पण पडद्यावर अक्षरे खरबरीत दिसतात, पानाच्या डोक्यावरची ओळ कापली जाते आणि मराठी शब्द शोधायला गेल्यास सापडत नाही.

या तीन तक्रारींची मुळे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. अक्षरांचा खरबरीतपणा डीव्हीआयचे पोस्टस्क्रिप्ट होताना शिरतो, डोक्यावरची ओळ पोस्टस्क्रिप्टचे पीडीएफ होताना कापली जाते, आणि मराठी शब्द न सापडण्याचे कारण तर या दोहोंच्या आधी, मजकूर लाटेककडे जाण्यापूर्वीच घडलेले असते. म्हणून तयार पीडीएफची डागडुजी करण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक दोष जिथे शिरला त्या टप्प्यापर्यंत मागे जावे आणि तिथून पुढचे काम नव्याने करावे. कोणत्या फाइलीबाबत किती मागे जाता येईल, हे आपल्या हाती काय शिल्लक आहे त्यावर ठरेल.

खाली आज्ञांची आणि पर्यायांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकावीत. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे आणि प्रत्येक पर्यायाआधी उणे चिन्ह येते हे गृहीत धरले आहे. ‘टू’ म्हणजे इंग्रजी २ चा अंक असेल तिथे तेही नमूद केले आहे.

आधी या फाइलींच्या पोटात काय असते ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. डोनल्ड कनूथ यांच्या टेकसाठी डीव्हीआय हे रूप १९७९ मध्ये आले, आणि अ‍ॅडोबीचे पीडीएफ त्यानंतर १४ वर्षांनी, १९९३ मध्ये. डीव्हीआय फाइलीत अक्षरे नसतात. अमुक फॉन्टमधले अमुक क्रमांकाचे चिन्ह पानावर अमुक जागी ठेवावे, एवढीच नोंद असते. फॉन्टचे नाव असते, पण फॉन्ट नसतो. चित्राच्या फाइलीचे नाव असते, पण चित्र नसते. कागदाचा आकारही बहुतेक जुन्या फाइलींत नोंदवलेला नसतो. पोस्टस्क्रिप्ट तयार होते तेव्हा फॉन्ट आणि चित्रे आत येतात, पण त्या क्षणी त्या संगणकावर जे फॉन्ट होते तेच आणि तशाच रूपात. पीडीएफ करणारी आज्ञा केवळ समोर आलेले उचलते; मागच्या टप्प्यावर जे हरवले ते तिला परत आणता येत नाही.

तपासणीसाठी पीडीएफ हाताळणाऱ्या पॉपलर संचातली तीन साधने पुरेशी आहेत. पीडीएफइन्फो पानाचा आकार सांगते: ए४ असेल तर सुमारे ५९५ गुणिले ८४२ पॉइंट, अमेरिकी लेटर असेल तर ६१२ गुणिले ७९२. पीडीएफटूटेक्स्ट (इथे टू शब्दात लिहायचा) फाइलीतला मजकूर काढून देते. मराठी शोधता येईल की नाही याचा निकाल त्यावरच लागतो. तिसरे साधन पीडीएफफॉन्ट्स, आणि माझ्या मते ते सर्वांत मोलाचे आहे. ते प्रत्येक फॉन्टची एक ओळ छापते. त्या ओळीतल्या प्रकाराच्या रकान्यात ‘टाइप ३’ असे लिहिलेले असेल आणि नावाच्या जागी काहीच नसेल किंवा चौकटी कंसात ‘नन’ असेल, तर तो फॉन्ट ठिपक्यांचा आहे. ‘टाइप १’, ‘टाइप १ सी’ किंवा ‘ट्रूटाइप’ असेल तर तो रेषांनी आखलेला आहे आणि कितीही मोठा केला तरी कडा स्वच्छ राहतील. ‘ईएमबी’ या रकान्यात ‘नो’ आले तर फॉन्ट फाइलीत बसवलेला नाही, आणि अशी फाइल छापखान्यात पाठवू नये. ‘युनि’ या रकान्याकडे आपण मराठीच्या संदर्भात पुन्हा येऊ.

आता खरबरीत अक्षरे. डीव्हीआयचे पोस्टस्क्रिप्ट करणारा टोमस रोकिकी यांचा डीव्हीआयपीएस हा कार्यक्रम डीव्हीआयमधल्या प्रत्येक फॉन्टचे नाव आपल्या नकाशा-फाइलीत शोधतो. तिथे त्या नावासमोर टाइप-१ फॉन्ट नोंदवलेला असला तर तो वापरतो; नसला तर मेटाफॉन्टकडून (कनूथ यांच्याच फॉन्ट बनवणाऱ्या कार्यक्रमाकडून) त्या फॉन्टची ठिपक्यांची प्रत बनवून घेतो, सहसा इंचाला ६०० ठिपके या घनतेची. कागदावर छापताना ही घनता चालून जाते, पण पडद्यावर तीच अक्षरे कुरतडल्यासारखी दिसतात. ठिपक्यांची प्रत पहिल्यांदा बनते तेव्हा टर्मिनलवर ‘एमकेटेक्सपीके’ हा शब्द दिसतो. पुढच्या वेळी साठवलेली प्रत गुपचूप वापरली जाते आणि काहीच दिसत नाही, म्हणून टर्मिनल शांत राहिले यावर विसंबू नये, पीडीएफफॉन्ट्सलाच विचारावे.

कनूथ यांचे मूळ कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्ट टाइप-१ रूपात १९९७ पासून मुक्तपणे उपलब्ध आहेत, त्यामुळे आजच्या टेक लाइव्हमध्ये (टेकची सगळी साधने एकत्र देणाऱ्या संचात) साध्या इंग्रजी मजकुराला हा त्रास सहसा होत नाही. तो होतो दोन ठिकाणी. पहिले, मूळ मजकुरात ‘टी१’ ही फॉन्ट-संकेतनपद्धती निवडलेली असेल तेव्हा. त्या निवडीने ईसी कुळातले फॉन्ट येतात आणि सीएम-सुपर हा संच बसवलेला नसेल तर ते ठिपक्यांचे होतात. त्यावर उपाय म्हणजे सीएम-सुपर बसवणे किंवा मूळ मजकूर हाताशी असेल तर लॅटिन मॉडर्न वापरणे. दुसरे ठिकाण म्हणजे आपले देवनागरी. त्या काळातल्या लाटेकमधल्या मराठीचा बराच भाग नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ च्या सुमारास तयार केलेल्या फॉन्टमध्ये आहे. सुरुवातीला ते फक्त मेटाफॉन्टच्या रूपात होते, त्यामुळे त्या वेळच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये ते ठिपक्यांचेच आले. आज टेक लाइव्हमधल्या वेल्थुइस संचात त्यांची टाइप-१ रूपेही आहेत. तो संच बसवला की नकाशातली नोंद आपोआप होते. स्वतःच्या खात्यापुरता वेगळा नकाशा बनवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण नंतर यंत्रणेत झालेले बदल त्या खात्याला दिसेनासे होतात आणि कारण शोधताना फार वेळ जातो.

इथे एक इशारा गंभीरपणे घ्यावा. डीव्हीआय फाइलीत प्रत्येक फॉन्टच्या मापांचा एक पडताळणी-अंक नोंदवलेला असतो. आजच्या संगणकावरचा त्याच नावाचा फॉन्ट वेगळ्या आवृत्तीचा असला तर डीव्हीआयपीएस ‘चेकसम मिसमॅच’ असा संदेश देऊन काम पुढे नेते. इंग्रजी फॉन्टच्या बाबतीत हा संदेश बहुधा निरुपद्रवी असतो. देवनागरीत मात्र फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत चिन्हांचे क्रमांक बदललेले असू शकतात, आणि मग जोडाक्षराच्या जागी भलतेच चिन्ह येऊन बसते. असा संदेश आला तर तयार पीडीएफची काही पाने जुन्या छापील प्रतीशी शब्दन्‌शब्द ताडून पाहावीत. डीव्हीआयमध्ये कोणकोणते फॉन्ट आहेत हे आधीच पाहायचे असल्यास डीव्हीआयटाइप हे साधन ती यादी देते.

फॉन्ट जागेवर आले की डीव्हीआयपीएसला मोठा पी आणि त्याला जोडून लहान अक्षरांत पीडीएफ असा पर्याय द्यावा. त्याने चिन्हांच्या जागा इंचाला ८००० या घनतेवर मोजल्या जातात, त्यामुळे शब्दांतली अंतरे नीट राहतात. सोबत मोठा जी आणि शून्य हाही पर्याय जोडावा. कारण पीडीएफच्या पर्यायाबरोबर कमी क्रमांकाची चिन्हे वरच्या क्रमांकांवर सरकवण्याची एक जुनी सोय चालू होत असे आणि काही फॉन्टमध्ये तिच्यामुळे ‘एफ-आय’ या जोडअक्षराच्या जागी पौंडाचे चिन्ह उमटे. जी-शून्यने ती सोय बंद राहते. आज या पर्यायाची गरज जवळजवळ उरलेली नाही, पण जुन्या मांडणीच्या संगणकावर तो दिल्याने नुकसान काही नाही.

डोक्यावरच्या कापलेल्या ओळीचे कारण अगदी नेमके सांगता येते. टेक आपली मापे पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घेते, तर पोस्टस्क्रिप्टचा आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. डीव्हीआयपीएस ए४ ची उंची धरून वरची मापे खालून वर अशी बदलून लिहिते. पण डीव्हीआयमध्ये कागदाचा आकार नोंदवलेला नसेल आणि आपणही दिला नसेल, तर पोस्टस्क्रिप्टमध्ये कागद निवडण्याची आज्ञाच लिहिली जात नाही. मग घोस्टस्क्रिप्ट (पोस्टस्क्रिप्ट वाचून पीडीएफ करणारा कार्यक्रम) आपला ठरलेला कागद घेते, आणि तो लेटर असला तर पानाची उंची २९७ ऐवजी २७९.४ मिलिमीटर होते. मोजमाप खालून असल्याने तळ जागेवर राहतो आणि वरचे साडेसतरा मिलिमीटरहून थोडे अधिक पान नाहीसे होते. धावते शीर्षक आणि पृष्ठांक नेमके तिथेच असतात.

उपाय दोन्ही ठिकाणी करावा. डीव्हीआयपीएसला लहान टी आणि पुढे जागा सोडून ए४ असे सांगावे. पीएस२पीडीएफला (इथे २ हा अंकच आहे, ही आज्ञा म्हणजे घोस्टस्क्रिप्टभोवती गुंडाळलेली एक छोटी स्क्रिप्ट) लहान एस, त्याला जोडून मोठ्या अक्षरांत ‘पेपरसाइझ’, बरोबरचे चिन्ह आणि ए४ असा पर्याय द्यावा. विंडोजवर हेच करणाऱ्या सहकाऱ्यांनी बरोबरच्या चिन्हाऐवजी हॅशचे चिन्ह वापरावे, कारण तिथल्या बॅच फाइली बरोबरचे चिन्ह गिळून टाकतात. आडव्या रुंद कोष्टकांची पाने पीडीएफमध्ये आपोआप फिरलेली दिसत असतील, तर घोस्टस्क्रिप्टची ‘ऑटोरोटेटपेजेस’ ही सोय ‘नन’ या किमतीवर ठेवावी. पानावरचा बहुतांश मजकूर कोणत्या दिशेने आहे ते पाहून ती पान फिरवते, आणि गणिताच्या टिपणांत तिचा अंदाज अनेकदा चुकतो.

डीव्हीआयवरून पीडीएफकडे जाण्याची दुसरी, थेट वाट म्हणजे डीव्हीआयपीडीएफएमएक्स. तिच्यात पोस्टस्क्रिप्टचा टप्पाच नसतो, ती वेगवान आहे आणि फाइलीही लहान होतात. साध्या मजकुराच्या आणि समीकरणांच्या टिपणांसाठी मी हीच वाट निवडतो. पण जुन्या डीव्हीआयमध्ये चित्रे, रंग आणि दुवे यांच्यासाठी कोणत्या पुढच्या कार्यक्रमाची भाषा वापरली आहे ते आधी पाहावे लागते. लाटेक चालवताना दुवे घालणाऱ्या हायपररेफ संचाला डीव्हीआयपीएस सांगितलेले असेल तर दुवे त्याच्या भाषेत लिहिलेले असतात आणि डीव्हीआयपीडीएफएमएक्सकडून ते हरवू शकतात. पीएसट्रिक्सने काढलेल्या आकृत्या आणि पीएसफ्रॅगने बदललेली अक्षरे यांचा तर सगळा भार पोस्टस्क्रिप्टवर असतो. भूमितीच्या टिपणांत त्या काळी पीएसट्रिक्सचा वापर फार होता, म्हणून आकृत्या असलेल्या फाइली डीव्हीआयपीएसच्या वाटेने आणि बाकीच्या थेट वाटेने, अशी विभागणी आधीच करून ठेवावी. डीव्हीआयसोबत आकृत्यांच्या ईपीएस फाइली (एकेका चित्राचे पोस्टस्क्रिप्ट) नसतील तर कोणतीही वाट घेतली तरी त्या जागा रिकाम्याच राहतील. अशा वेळी त्याच टिपणाचे जुने पोस्टस्क्रिप्ट मिळाले तर तेच अधिक संपूर्ण असते, कारण आकृत्या त्याच्या आत असतात.

ज्यांचे फक्त पोस्टस्क्रिप्ट उरले आहे त्यांच्याकडे आता वळू. अशी फाइल साधा मजकूरच असते, म्हणून आधी तिच्या सुरुवातीच्या वीस-पंचवीस ओळी टर्मिनलवर वाचाव्यात. टक्क्याच्या चिन्हांनी सुरू होणाऱ्या या ओळींत पुष्कळ माहिती असते. फाइल डीव्हीआयपीएसच्या कोणत्या आवृत्तीने केली, कागद कोणता धरला आणि कोणते फॉन्ट आत आहेत, हे तिथे मिळते. त्या वेळी टर्मिनलवर नेमकी कोणती आज्ञा दिली होती तीही जशीच्या तशी तिथे नोंदवलेली असते. ‘डीव्हीआयपीएसपॅरामीटर्स’ या ओळीत ‘डीपीआय’ समोर ३०० असेल तर फाइल जुन्या लेसर प्रिंटरसाठी केलेली आहे आणि तिच्यातली ठिपक्यांची अक्षरे पडद्यावर विशेष वाईट दिसतील.

ही अक्षरे पोस्टस्क्रिप्टमध्येच बदलता येतात, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. हायको ओबरडीक यांची पीकेफिक्स ही स्क्रिप्ट डीव्हीआयपीएसने लिहिलेल्या फाइलीतले ठिपक्यांचे फॉन्ट ओळखते आणि त्यांच्या जागी टाइप-१ फॉन्ट बसवते. ओळखण्यासाठी ती फाइलीतल्या त्याच टिप्पण्यांचा आधार घेते. फारच जुन्या फाइलींत फॉन्टची नावे नोंदवलेली नसतात; तिथे स्कॉट पेकिन यांची पीकेफिक्स-हेल्पर ही दुसरी स्क्रिप्ट चिन्हांची मापे ताडून नावांचा अंदाज बांधते आणि मग पीकेफिक्सला काम करता येते. तिचा अंदाज इंग्रजी आणि गणिती फॉन्टमध्ये चांगला जुळतो. देवनागरीत तो आंधळेपणाने मान्य करू नये. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे. या दुरुस्तीनंतर पीएस२पीडीएफ चालवावे.

आता मराठी शोधता न येण्याचा प्रश्न. माझ्या दृष्टीने तुमच्या कामाचा हाच गाभा आहे, कारण खरबरीत अक्षर वाचता तरी येते, पण जे शोधता येत नाही ते पुढच्या वाचकाच्या हाती लागतच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर देशभरातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा भांडारात जाऊ लागले. तिथे मराठी प्रबंधाच्या पीडीएफमधून मराठी शब्द निघत नसेल तर ते पीडीएफ केवळ पानांच्या छायाचित्रांचा गठ्ठा ठरते.

वेल्थुइस पद्धतीत मराठी रोमन लिप्यंतरात टंकले जाई: आ साठी दोन वेळा ‘ए’, ट साठी बिंदू आणि ‘टी’. डेव्हनाग नावाचा पूर्वप्रक्रियक त्या लिप्यंतराचे फॉन्टमधल्या चिन्ह-क्रमांकांत रूपांतर करी आणि नंतरच मजकूर लाटेककडे जाई. म्हणजे लाटेकने, डीव्हीआयने आणि पोस्टस्क्रिप्टने ‘क’ किंवा ‘ळ’ हे अक्षर अक्षर म्हणून कधी पाहिलेच नाही. त्यांनी पाहिले ते फक्त रोमन फॉन्टच्या साच्यात बसवलेले क्रमांक. म्हणून पीडीएफटूटेक्स्ट अशा फाइलीतून रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ बाहेर काढते, मग फॉन्ट टाइप-१ असो वा नसो. यात वेल्थुइस यांचा दोष नाही. तेव्हा युनिकोडचा प्रसार झालेलाच नव्हता, आणि अ, झ, ण यांची मराठी वाचकाला ओळखीची रूपे देणारी वेगळी मुंबई शैली त्यांच्या संचात आली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

यावर खरा उपाय एकच: मूळ मजकूर असेल तिथे तो युनिकोडमध्ये आणून झीलाटेकने (युनिकोड थेट वाचणाऱ्या झीटेकवर चालणाऱ्या लाटेकने) पुन्हा जुळवणे. वेल्थुइस लिप्यंतर नियमबद्ध असल्याने त्याचे देवनागरीत रूपांतर यंत्राने करता येते. झीटेकमध्ये त्यासाठी टेककिट नकाशांची सोय आहे. असा नकाशा फॉन्टला जोडला की मूळ लिप्यंतर तसेच ठेवूनही देवनागरी उमटते. तरीही, फाइल यापुढे कुणी सुधारणार असेल तर मजकूर कायमचा युनिकोडमध्ये बदलून घेणे मला अधिक योग्य वाटते. लिप्यंतरात लिहिलेली मराठी पुढच्या संपादकाला वाचताच येत नाही.

जॉनथन क्यू यांचे झीटेक २००४ मध्ये आले. संगणकावर बसवलेले ओपनटाइप फॉन्ट ते थेट वापरते. फॉन्टस्पेक या संचातून मराठी फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी हे दोन्ही पर्याय द्यावेत. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरे मोडू शकतात. भाषा सांगितली नाही तर अनेक फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे येतात, आणि मराठी वाचकाला ती लगेच खटकतात. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला शोभिका हा फॉन्ट गणिताबरोबर शोभतो, जोडाक्षरेही भरपूर देतो, आणि तो मुक्त आहे. फॉन्ट निवडण्यापूर्वी ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘कोऱ्या’ असे दोन-चार शब्द आणि ‘अ‍ॅ’, ‘ऑ’ ही चिन्हे छापून पाहावीत. आडवा अर्धा र नीट न येणारा फॉन्ट मराठीसाठी घेऊ नये.

झीलाटेक एका आज्ञेत पीडीएफ देत असले तरी आतून तेही दोन टप्प्यांचेच आहे: आधी एक्सडीव्ही, म्हणजे डीव्हीआयचे वाढवलेले रूप, आणि मग त्यावरून एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्सने केलेले पीडीएफ. म्हणून मराठी शोधण्याचा प्रश्न इथे बराच सुटला तरी पूर्ण सुटत नाही. पीडीएफफॉन्ट्सच्या ‘युनि’ रकान्यात आता ‘यस’ दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की फॉन्टच्या प्रत्येक चिन्हासाठी एक युनिकोड नोंद दिलेली आहे. पण देवनागरीत चिन्हे पानावर ज्या क्रमाने येतात तो लिहिण्याचा क्रम नसतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. पानावर आधी पहिली वेलांटी येते, मग व, मग द्या, मग थी, आणि शेवटी थीवरचा रफार. चिन्हे या क्रमाने वाचून जोडली तर निघणारा शब्द ‘विद्यार्थी’ नसतो, आणि शोधखिडकीत टंकलेल्या शब्दाशी तो जुळत नाही. जोडाक्षरांच्या काही चिन्हांना तर एकही नीट नोंद देता येत नाही.

त्यासाठी झीटेकमध्ये एक स्वतंत्र आज्ञा आहे. मूळ मजकुराच्या प्रारंभी, उलट्या तिरप्या रेषेनंतर ‘झीटेकजनरेटअ‍ॅक्च्युअलटेक्स्ट’ (रोमन लिहिताना सुरुवातीच्या ‘झीटेक’मधले दोन्ही एक्स आणि टी मोठे, बाकी सगळी अक्षरे लहान) आणि बरोबर एक असे लिहावे. मग प्रत्येक शब्दाच्या चिन्हांसोबत तो शब्द मूळ युनिकोड क्रमातही पीडीएफमध्ये नोंदवला जातो. पीडीएफटूटेक्स्ट ती नोंद वाचते, आणि चांगले वाचक-कार्यक्रमही वाचतात. ही एक ओळ घालून आणि न घालता केलेल्या दोन फाइलींतून मजकूर काढून शेजारी ठेवावा. फरक पहिल्याच परिच्छेदात दिसेल. ज्यांना लुआलाटेक वापरायचे आहे त्यांनी फॉन्टस्पेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ निवडावे. लुआटेकची स्वतःची मूळ पद्धत देवनागरीसाठी पुरेशी भरवशाची नाही.

पुन्हा जुळवलेल्या टिपणात ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतील आणि पृष्ठांक हलतील. कुणी जुन्या टिपणांचा पृष्ठांकासह संदर्भ दिलेला असेल तर ते संदर्भ नव्या फाइलीत जुळणार नाहीत. म्हणून डीव्हीआयवरून केलेले शुद्ध पीडीएफ जुनी प्रत म्हणून ठेवावे आणि झीलाटेकची आवृत्ती तिच्याबरोबर, स्वतंत्र नावाने द्यावी. पीएसट्रिक्सच्या आकृत्या असतील तर प्रत्येक आकृती एका पानाच्या वेगळ्या लाटेक फाइलीत घालून डीव्हीआयपीएसच्या मोठ्या ई या पर्यायाने ईपीएस करावी, मग ईपीएसटूपीडीएफने (यातला टूही शब्दातच) पीडीएफ करून झीलाटेकमध्ये साधे चित्र म्हणून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण आकृत्या एकदा अशा वेगळ्या झाल्या की पुढे कधीही वापरता येतात.

ज्या मराठी टिपणांचा मूळ मजकूरच गेला आहे, त्यांच्यासाठी प्रकाशीय अक्षर-ओळख उरते. टेसेरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या कार्यक्रमात मराठीची प्रशिक्षित माहिती उपलब्ध आहे आणि ओसीआरमायपीडीएफ हे साधन तिच्या साहाय्याने पानाखाली अदृश्य मजकुराचा थर घालते. इथे एक अडचण हमखास येते. वेल्थुइस फॉन्टच्या पीडीएफमध्ये निरर्थक का होईना पण मजकूर असतो, म्हणून ओसीआरमायपीडीएफ ‘पानावर मजकूर आधीच आहे’ असे म्हणून थांबते. ‘फोर्स-ओसीआर’ हा पर्याय दिला की काम होते, पण त्यात प्रत्येक पानाचे चित्र केले जाते आणि आखीव अक्षरे पुन्हा ठिपक्यांची होतात. त्यामुळे छापण्यासाठी मूळ आखीव प्रत आणि शोधण्यासाठी ओळख केलेली प्रत अशा दोन फाइली ठेवाव्यात. समीकरणांच्या ओळींत ही ओळख निरुपयोगी असते. परिच्छेदांच्या मराठीत ती शोधापुरती चालते, उद्धृत करण्यापुरती मात्र नाही.

फाइली बऱ्याच असल्याने साधी शेल स्क्रिप्ट लिहावी, पण तिच्यात रूपांतराइतकीच तपासणीही असावी. प्रत्येक पीडीएफ झाल्यावर पीडीएफफॉन्ट्सच्या निकालात ‘टाइप ३’ किंवा न बसवलेला फॉन्ट आढळला, अथवा पीडीएफइन्फोने ए४ सोडून दुसरा आकार सांगितला, तर त्या फाइलीचे नाव वेगळ्या यादीत जावे. डीव्हीआयपीएसचे सगळे संदेशही प्रत्येक फाइलीच्या नावाने साठवावेत, म्हणजे पडताळणी-अंक न जुळल्याचा इशारा गर्दीत हरवणार नाही. मूळ मजकूर असलेल्या फाइलींसाठी लेटेक्सएमके वापरावे. संदर्भ आणि अनुक्रमणिका जुळेपर्यंत किती वेळा फेरी करायची ते त्याला समजते, आणि ‘पीडीएफपीएस’ किंवा ‘झीलाटेक’ असा पर्याय देऊन वाटही निवडता येते.

शेवटचे, फाइली लहान करण्याविषयी, कारण भांडारात चढवताना हा प्रश्न येतोच. घोस्टस्क्रिप्टच्या ‘पीडीएफसेटिंग्ज’ या पर्यायात ‘स्क्रीन’ ही किंमत दिली तर चित्रे इंचाला ७२ ठिपक्यांवर येतात, ‘ईबुक’ दिली तर १५० वर आणि ‘प्रीप्रेस’ दिली तर ३०० वर. ‘स्क्रीन’ने स्कॅन केलेल्या सह्या आणि आकृत्यांतली बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून टिपणांसाठी ती वापरू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, झीलाटेकने केलेले चांगले पीडीएफ केवळ आकार घटवण्यासाठी पुन्हा घोस्टस्क्रिप्टमधून काढू नये. ते जुनी फाइल दुरुस्त करत नाही, पूर्ण नवी लिहिते, आणि शब्दांच्या ज्या युनिकोड नोंदी आपण मेहनतीने आणल्या त्या नव्या फाइलीत टिकतीलच याची हमी नसते. पाने जोडायची, वेगळी करायची किंवा फाइलीची रचना तपासायची असेल तर क्यूपीडीएफ वापरावे. ते पानांच्या आतल्या मजकुराला हात लावत नाही. आकार तरीही जास्त वाटला तर मूळ चित्रे लहान करून टिपण पुन्हा जुळवावे.